शेरा

आठवड्यातून दोनदा, कामठी रोडच्या शाळेच्या गच्चीवर
मी यंत्राचा कागद बदलतो.
कोरा कागद, चिमट्यानं धरलेला, बोट न लावता.
बोटालाही वजन असतं,
म्हणायच्या आमच्या देवपुजारी मॅडम.
चोवीस तासांनी तोच कागद राखेच्या रंगाचा,
दिवाळीनंतर तव्याच्या बुडाचा.
वाळवायचा, पुन्हा तोलायचा, चार दशांशांपर्यंत.
नंतरच्या वजनातून आधीचं वजा.
उरतं ते शहर.

डोमाजी उईके, शाळेचा चौकीदार,
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"हे गिरमिट काय करते जी?"
हवा मोजते.
"किलोनं का लिटरनं?"
मी हसलो. तो नाही हसला.

उन्हाळ्यात तो यंत्राला लागूनच खाट टाकतो.
ह्या घरघरीत झोप बरी लागते म्हणे,
पवनीला घरामागं पिठाची चक्की होती तशी.
रात्रभर दोघं एकच हवा ओढतात,
कोराडीकडून येणारी, ट्रकांखालून उठणारी,
उड्डाणपुलाच्या सिमेंटची, कोणीतरी पेटवलेल्या टायरची.
सकाळी एकाचा कागद बदलतो.

एकदा कपाट आवरताना
जुनी पाकिटं फरशीवर मांडली, वर्षाला एक.
खिडकीपासून दारापर्यंत रंग उतरत गेला,
उतरत म्हणजे चढत;
सरळ नाही, एखादं साल मध्येच फिकं,
आणि एक एप्रिल तर जवळजवळ कोराच,
पास दाखवत रिकाम्या रस्त्यानं गेलो होतो तेव्हाचा.
त्या पहाटे गोरेवाड्याकडचा मोर ऐकू आला,
डोमाजी अजून सांगतो.
साहेबांना विचारलं, हे असं मांडून ठेवू का कुठं?
ते म्हणाले, सरासरी पाठवा.

तक्त्यात रकाने आहेत:
तारीख, वेळ, वारा कुठून, शेरा.
शेऱ्यात मी एकदा लिहिलं, "चौकीदार खोकतो."
फोन आला. शेरा हवामानापुरता ठेवा.

परवा डोमाजी मेयोतून फोटो काढून आला.
गच्चीवर उन्हात धरला, छातीचा, मोठ्या पाकिटातला.
"डॉक्टरीणबाई म्हणे, काळं हाये ते चांगलं,
त्यात हवा असते.
पांढरं दिसते ते खराब."
मग माझ्या हातातल्या कागदाकडं पाहून,
"तुमचं उलटं हाये ना जी?"

हो, म्हटलं. आमचं उलटं.

दोन्ही कागद थोडा वेळ उन्हात होते.
मग मी चिमटा घेतला, कोरा कागद बसवला,
झाकण लावलं, बटण दाबलं. घरघर सुरू झाली.
तो जिन्यावर बसला, दोनदा थांबून, दम घेत.

मी तक्ता काढला.
तारीख. वेळ. वारा वायव्येकडून.
शेरा: आकाश निरभ्र.