नाळेवरचं नाव

हे मी बोलतो आहे, लिहितो आहे मोबाईल.
मी 'माका' म्हणतो, तो 'मका' लिहितो,
म्हणून सांभाळून, शाळेतल्या भाषेत बोलतो आहे.
चुकलं तर मंजिरी ऐकून सांगेल.

तिला शाळेतून एक पेन मिळालंय.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते,
खाऱ्या हवेला जपून, खाली सुती फडकं.
ओळीवरून फिरवलं की पेन वाचतं,
कानातल्या गुंडीत, तिच्यापुरतं.
आतली बाई कुठली कोण जाणे,
'कुणकेश्वर' म्हणताना अडखळते,
आणि मंजिरी तिला सुधारते.
पाचवीपर्यंत आलेली माझी पोर
पहिल्यांदा कुणाला तरी सुधारते आहे.

आधी 'घर' सांगितलं की 'धर' लिहायची.
'ख' तिला कधी एक दिसलाच नाही,
एक र, एक व, मध्ये खाडी.
"बाबा, अक्षरां हलतत," म्हणायची.
आणि मी, जन्मभर हलत्या फळीवर उभा राहिलेला,
"कागद म्हंजे काय दर्या?" म्हणालो
आणि एक चापट मारली.
तेही लिही, मोबाईल. गाळू नकोस.

हेडमास्तर म्हणाले, परीक्षेत पेन म्हणजे कॉपीच की.
म्हटलं, सर, माझ्या होडीवर पडदा आहे,
मासा कुठे आहे ते तो दाखवतो.
जाळं मीच ओढतो ना?
की लिलावात कोणी म्हणतं,
ही सुरमई पडद्याने पकडली?
ते हसले. तीन पानांचा फॉर्म पुढे सरकवला.
वाचा आणि सही करा.
मी म्हणालो, चष्मा विसरलो.

मला चष्मा नाही.
तिसरीतून का पळालो ते कोणाला सांगितलं नव्हतं.
बापाने विचारलं नाही,
होडीला हात हवेच होते.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते.
आनंदवाडीच्या वाळूत होडी अजून झापांखाली.
संध्याकाळी कोणी नाही बघून
नाळेवरच्या नावासमोर मोबाईल धरला.
आईचं नाव. निळ्यावर पिवळं.
अकरा वर्षं रंगावरूनच ओळखत आलो.
मोबाईल बोलला: मागीरथी.
पुन्हा धरला. मागीरथी.

लाज वाटली, मग राग आला पेंटरचा,
मग मागे मंजिरी उभी. कधीपासून, माहीत नाही.
तिने वाचलं नाही, बोट फिरवलं.
"भ-चो आकडो मिठान खाल्ल्यान, बाबा.
मोबाईलाक आपल्यासारख्याच झालाहा."
आपल्यासारख्याच, म्हणाली.
म्हणजे तिला कळलं होतं.
चष्म्याचं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला
त्याला म्हटलं, बाकी सगळं तू कर,
एवढं अक्षर ठेव.
ब्रश माझ्या मुठीत वल्ह्यासारखा.
मंजिरीने कोपर धरलं:
वर ने, आता वळव, आणखी वळव,
धर.
घर म्हणाली की धर,
वारा होता, नीट ऐकू आलं नाही.
मी धरलं.
रंग जरा ओघळलाच.