चार्ज

डेड स्टॉकची वही जुळली, लोटन सर.
खुर्च्या तीन, त्यातली एक मोडकी.
पृथ्वीचा गोल एक, हिंदी महासागराला पोचा.
तांदूळ एकशे चाळीस किलो,
आणि हा वजनकाटा, जो अर्ध्या किलोने खोटं बोलतो.
वहीत नाही ते, पण सांगून ठेवते.

काल शाळा सुटल्यावर याच काट्यावर
माझी बॅग चढवली.
तेवीसच्या वर विमानात घेत नाहीत म्हणे.
आईच्या बिबड्यांनी काटा पंचवीसवर नेला.
बिबड्या काढल्या, पुस्तकं ठेवली,
मग पुस्तकं काढली.
जूनमध्ये इथेच हर्षाली उभी होती,
दोन्ही मुठींत फ्रॉक धरून, श्वास रोखून.
सोळा किलो दोनशे.

हे सांगायचं नव्हतं खरं तर.
पण चार्ज म्हणजे सगळंच द्यायचं ना?

माझं इथलं पहिलं वर्ष. हर्षालीचा थोरला भाऊ, गोरख,
पहिलीच्या रांगेतून उठून आला.
मॅडम, माले पानी पेनं शे.
नीट बोल, म्हटलं. मला पाणी प्यायचं आहे, असं म्हण.
तो उभा.
मी फळ्यावर लिहून दिलं,
'आहे'मधला हे दोनदा गिरवून दाखवला.
तो उभाच.
मार्च संपत आला होता, बोरीच्या पात्रात
वाळूला पाय लावणं कठीण.
शाळा सुटेपर्यंत तो टाकीकडे बघत राहिला
आणि मी हजेरीत त्याच्यापुढे
हजर लिहिलं.

मी तरी कुठली मोठी पुण्याची?
आमच्याही घरात 'शे'च होतं.
डी.एड.च्या पहिल्या महिन्यात मी ते
केसातल्या तेलासारखं धुऊन काढलं,
दोनदा साबण लावून.

मग हे अर्ज.
तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे,
पाचशे शब्दांत लिहा.
मी धोरण लिहिलं, गळती लिहिली,
मातृभाषा तर चार वेळा लिहिली.
गोरख लिहिला नाही.

आणि नाशिकला इंग्रजीची तोंडी परीक्षा.
समोरची बाई भली होती, हसून बघत होती.
पाण्याचा ग्लास तिच्या बाजूला.
दोन मिनिटं बोला, म्हणाली, एखाद्या नदीबद्दल.
घसा असा सुकला, सर,
की बोरी कुठून निघते तेच आठवेना.
पाणी मागायचं वाक्य पाठ होतं,
पाचवीपासून पाठ,
मे आयपासून सुरू होणारं.
ते आलं नाही.
आलं ते, माले.
एवढंच. ओठांच्या आत.
गिळलं, आणि नदीबद्दल बोलत राहिले.
पास झाले.

गोरख आता उधन्याला असतो,
साड्यांना खडे चिकटवतो, नगावर पैसे.
परवाची माझी गाडी तिथूनच जाईल, रात्री.
नंबर आहे माझ्याकडे.
लावून काय बोलू, ते अजून ठरत नाही;
आणि कुठल्या बोलीत, तेही.

आज वर्गात हर्षालीने विचारलं,
कथा जाई ऱ्हायनात, मॅडम?
म्हटलं, लांब. समुद्राच्या पलीकडे. तिथे खूप थंडी असते.
थंडीचं तिला काही वाटलं नाही.
तठे पानी भेटस का?

भेटस, म्हटलं मी.

आठ वर्षांत या फळ्यासमोर पहिल्यांदाच.
वर्ग एकदम गप्प झाला,
मग मागून कुणीतरी खुदकन हसलं
आणि सगळेच सुटले, मीही.

असो. ही टाकीच्या खोलीची किल्ली.
कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं.
वहीत एकच लिहिली आहे.
दुसरी मी पारोळ्याहून करून आणली होती,
ती मुलांकडे असते.
कुणाकडे, ते विचारू नका.

इथे सही करा. आणि खाली, तारखेसह.