तीनशे मेगाबाइट, अजमान

लाँड्रीच्या वर तिसरा मजला.
खाली इस्त्रीची वाफ, इथे माझा सर्व्हर,
आणि दोघांना पुरा न पडणारा एक एसी.
मी न झालेल्या व्यवहारांची राखण करते.

झाले ते साखळीत गेले, त्यांची काळजी नाही.
माझ्याकडे असतात निघालेले आणि न पोचलेले,
सही झालेले, पण कुणी हिशेबात न धरलेले.
साधारण दहा मिनिटांनी एक पंगत उठते;
कधी तीन मिनिटांत,
कधी तासभर पानं मांडायचं नाव नाही.
आधी आला म्हणून मान नाही. वशिला नाही.
बाइटमागे कोण किती मोजतो, एवढंच.
दाम करी काम ही म्हण मी
सी प्लस प्लसमध्ये चार ओळींत लिहिली आहे.

जागा तीनशे मेगाबाइट.
भरली की तळातून काढायचं,
सगळ्यात कमी देणारा आधी बाहेर,
आणि उंबरठा बोटभर वर.
बाहेर म्हणजे कुठे, ते प्रोग्रामला ठाऊक नसतं.

मोफिजुल, आमचा वॉचमन,
अकरा दिवस जिन्यात गाठून विचारतोय: आपा, पोचले?
एका चहाचे पैसे वाचवायला
त्याने सगळ्यात स्वस्त भाव लावला होता.
मी त्याला वर ओढू शकते, तशी एक आज्ञा आहे,
पण ती माझ्याच यादीपुरती.
माझ्या घरी त्याला पाट मांडीन, चांदीचाही;
वाढपी कुठे कुठे आहेत, टेक्सासात, आइसलँडात,
आणि ज्याची त्याची यादी वेगळी.
जगाची अशी एक यादी नसतेच, मोफिजुल.
हे मोडक्या हिंदीत सांगताना
मला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

या आठवड्यातला बग असा:
आईला काढलं तरी
तिच्यावर विसंबलेली लेकरं यादीतच राहायची,
ज्याचा उगमच गेला त्या पैशातून
खर्च करत, ऐटीत, भरपूर भाव लावून.
दुरुस्ती केली. मूळ काढलं की पिलावळ काढा,
नातवंडं, पणतवंडं, असतील तेवढी.
चाचणी हिरवी झाली. रात्रीचे दोन.

मंगळवारी शेजारच्या तिरोडकरांची नोकरी गेली.
मला वाटायचं आधी त्याचा व्हिसा रद्द होईल,
मग बाकीचे आपोआप.
तसं नसतं, शर्वाणी म्हणाली, कुकर बबलरॅपमध्ये गुंडाळत.
आधी जुईचा, मग माझा, शेवटी ह्यांचा.
मागे कुणी लोंबकळायला नको ना.
मी घरी आले आणि क्रम बदलला:
आधी सगळ्यात धाकटं, मग वरचं, मग त्याच्या वरचं.
प्रोग्राम थोडा वेगाने चालू लागला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी उंबरठा चढला
आणि मोफिजुलचा व्यवहार तळातून गेला,
माझ्याच चार ओळींनी.
त्याला म्हटलं, पैसे तुझ्याकडेच आहेत.
म्हणजे निघालेच नव्हते?
नव्हते.
तो जुईच्या सायकलीच्या साखळीला तेल घालत होता.
ती सायकल कुणी मागितलेली नाही.

पहाटे, फजरच्या अजानीच्या जरा आधी,
एक पंगत उठली, आणि तिच्यात तो होता.
माझ्या यादीत नव्हता. माझ्या लॉगमध्ये
त्याच्या नावापुढे 'काढला' असं मीच लिहिलेलं.
कुठेतरी कुणाकडे जागा मोठी असेल,
किंवा विसरायचा आकडा वाढवून ठेवला असेल;
त्याने त्याला ठेवून घेतलं, न विचारता.

मी खाली जाऊन मोफिजुलला उठवलं नाही.
तिरोडकरांच्या कढीपत्त्याची कुंडी आता माझ्या दारात आहे.
एसीचं पाणी थेंबथेंब तिच्यात पडेल
अशी नळी वळवली, आणि तिथेच थोडी उभी राहिले.