पाषाण, रात्री दीड

पाषाण रस्त्यावरचे डंपर दीडच्या सुमारास थांबतात.
जमीन गप्प झाली की आम्ही
इलेक्ट्रॉनच्या किरणाला सांगतो, लिही आता.
तोवर बाहेर, चपलांच्या रॅकजवळ, डबा उघडायचा.

शेवाळे भोसरीहून थालीपीठ आणतात.
मधे एक भोक, भोवती सहा.
"हे बघा मॅडम, तुमचंच डिझाइन.
फक्त तव्यावरचं."
मी हसते. मग हसू थांबतं.
इथेही सहाच असतात भोवती,
अंतर अडीच मायक्रॉन,
केसाच्या जाडीत तीसेक ओळी बसतील.
तिथून तेल झिरपतं;
इथे प्रकाश अडखळतो, मागे फिरतो,
स्वतःलाच भेटत भेटत दाट होतो.

वेफर परदेशातून आलेला, दोन इंचांचा,
त्यात शेकडो थर, कुणीतरी अणू मोजून रचलेले.
आईला फोनवर समजावलं होतं:
समज, पर्वती उतरताना
पायरीगणिक एक पणती ठेवत आलीस
आणि खाली पोचलीस तरी ओटी भरलेलीच.
ती म्हणाली, उतरतानाच गुडघे जास्त दुखतात गं.
माझ्या पस्तीस पायऱ्या,
एकच इलेक्ट्रॉन,
पस्तीस वेळा तोच.

पहिला तुकडा क्लोरीनने खाल्ला.
भिंती गेल्या, भोकं भोकांना मिळाली,
मायक्रोस्कोपखाली कोळ्याचं जुनं घर.
दुसरा माझ्याच चिमट्यात मोडला,
सरळ, स्फटिकाच्या रेषेवर,
मोडण्यातसुद्धा शिस्त.
शिंकही आली नव्हती.
वहीत लिहायला काही कारण नव्हतं.

तिसरा काल क्रायोस्टॅटमध्ये चढवला.
नायट्रोजनची वाफ फरशीवरून दाराकडे निघाली.
दोनशे मिलीअँपिअर. काही नाही.
तीनशे. काही नाही.
शेवाळ्यांनी खुर्ची जवळ ओढली.
चारशे दहा

आणि डिटेक्टरची आडवी रेघ उठून बसली.

खिडकीत अंधारच होता.
हा उजेड डोळ्यांच्या वाट्याचा नाही,
हात धरला असता तर हातालाही कळलं नसतं.
आलेखावर फक्त एक काडी, उभी.

मोजलं. सात पूर्णांक चार.
हवं होतं सात पूर्णांक सात,
जिथे मिथेन सापडतो,
उरुळीच्या कचऱ्यावर नेऊन धरायचं होतं.
भोकं शंभर नॅनोमीटरनं सैल पडली होती.

"शंभर म्हणजे केवढं?"
म्हटलं, आपण बोलतोय ना, या दोनेक मिनिटांत
तुमचं नख तेवढं वाढलं असेल.
ते बराच वेळ अंगठा बघत राहिले.
"पण लागला ना?"
"लागला."
"मग पीठ जरा घट्ट मळा."

म्हणून आज चौथा.
भोकं बारीक केलीत, घड्याळात पावणेदोन,
एक डंपर अजून जायचा राहिलाय.
आम्ही दोघं त्याची वाट बघतोय.