फिका चहा

तळेगावच्या फाट्यावर टपरीवाला इस्तारी
आता विचारत नाही.
मी सायकल टेकवली की
बिनसाखरेचा कप पुढे येतो.

पहिल्या वर्षी हसला होता :
"मास्तर, हे चार दिसाचं सोंग व्हय."

नऊ वर्षं झाली सोंगाला.
डब्यात ज्वारीची भाकर, अंबाडी, जवसाची चटणी;
समोर कढईत आलूबोंडे
अजूनही माझंच नाव घेऊन तडतडतात.

परवा सोनटक्क्यांच्या तेरवीत
बुंदीचे लाडू खाल्ले. चार.
घरी सांगितलं नाही.

सकाळी पुन्हा सायकल,
पुन्हा इस्तारी.
कप देताना खाली बघतच म्हणाला,
"बुंदी बरी होती नं?"
आणि साखरेचा डबा
हळूच मागं सरकवला.