ओहोटीची वेळ

इथली जमीन समुद्राहून खाली आहे.
हे आधी सांगायला हवं, नाहीतर
माझ्या बापाचा देव कळायचा नाही.

कोरंटाइनच्या किनाऱ्यावर,
डचांनी गुलामांकडून खणवून घेतलेल्या कालव्यांच्या टोकाला
एक उघाडी असते. गयानात तिला कोकर म्हणतात.
ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी बाहेर.
भरतीला लावून घ्यायची,
नाहीतर समुद्र भातात शिरतो
आणि मग मिठाशिवाय काही पिकत नाही.

बाप, जयकरन, त्या दाराचा राखणदार.
बाविसाव्या वर्षी त्यानं गुरू केला.
पंडित तिलकधारींनी कानात मंत्र फुंकला,
मग सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं,
काम काय करतोस?
कोकर, म्हणाला.
मग ऐक. पाणी उतरलं की आधी दार.
आरती चालू असो, मी बोलत असो,
आधी दार.

बस्स. उपास नाही, माळ नाही, व्रत नाही.
आईला वाटलं, फसवलं.
पितळी लोटा दिला, नवं धोतर दिलं, दक्षिणा दिली,
आणि मिळालं काय,
तर सरकारचीच नोकरी, पुन्हा एकदा.

आरतीची वेळ ठरलेली.
ओहोटी मात्र रोज पाऊण तासानं पुढे सरकते,
घड्याळाशी जुनं भांडण असल्यासारखी.
म्हणून रामायणाच्या बैठकीत बाप दाराशी बसायचा,
एक कान पोथीकडे, एक पाण्याकडे,
आणि सुंदरकांडात हनुमान उडी घेणार, तेवढ्यात
हाच उठून जायचा.
लोक म्हणायचे, जयकरनची भक्ती पातळ.

माझ्या कन्यादानाचं पाणी हातावरून ओघळलं
आणि बाप उठला.
मी तेरा महिने बोलले नाही त्याच्याशी.

मग तिलकधारी गेले.
आठवडाभर पाऊस, भात पोटरीत,
शेतं काठोकाठ.
बांधापलीकडे चिखलात चिता रचलेली,
टोरांटोहून, न्यूयॉर्कहून शिष्य आलेले,
पांढऱ्या कपड्यांची रांग, हातात तुपाच्या पळ्या.
बाप तिसरा.
पाणी उतरू लागलं.
त्यानं पळी मागच्या हरिलालच्या हातात दिली.
आज तरी, हरिलाल म्हणाला.
बाप बांध चढून गेलासुद्धा.

मी धावले मागे, साडी घोट्यांच्या वर धरून,
जे बोलायचं ते तोंडात तयार ठेवून.
तो चाकाला भिडला होता.
मला पाहून म्हणाला,
हात लाव. साखळीनं गंज धरलाय.

मी हात लावला.
तो रडत होता आणि फेरे मोजत होता.
एकशे आठ नव्हते. मीही मोजले.
ब्याण्णव.
दार वर आलं, आणि खालून
तांबडं पाणी सुटलं, गवत, झेंडूची फुलं,
कुणाची तरी एक चप्पल,
सगळं समुद्राकडे.
पाठीमागे शंख वाजला.
धूर वाऱ्यानं आमच्याकडेच आला,
बापानं तोंड फिरवलं नाही.

आता तिथे मोटर बसवली आहे.
बटण दाबणारा पोरगा फोनवर वेळ बघतो.
बाप शहात्तरचा, घराखाली हॅमॉकमध्ये झोपतो,
अंगणात लाल झेंडा बांबूवर विरतो आहे.
तरी रात्री कधीही पाणी उतरलं
की आधी त्याचे पाय जमिनीला लागतात,
मग डोळे उघडतात.
जातो, चाकाशेजारी उभा राहतो, परत येतो.
वेड आहे की काय, मला ठरवता आलेलं नाही.

मी गुरू केला नाही.
माझ्या कानात कुणी काही सांगितलेलं नाही.
फक्त हॅमॉकची दोरी कुरकुरली
की मी उठते, टॉर्च शोधते,
आणि त्याच्या चपला
समुद्राकडे तोंड करून ठेवते.