टाळी

हरमाटान सुटला की आमच्याकडे आधी ओठ फुटतात,
मग नाकातून रक्त,
मग कुठल्यातरी घरात एक पोर
मान न वळवता आईकडे बघायला जातं.
आईला तेवढं पुरतं.

शहाण्णव साली मी कायाच्या दवाखान्यात काचपट्ट्या धुवायचे.
पाठीच्या कण्यातलं पाणी नितळ असतं,
डॉक्टर तिबिला सांगायचे.
मला ते कायम तांदळाच्या धुवणासारखंच दिसलं.
अंगणात मांडव, मांडवात चटया, एकेका चटईवर दोघं.
सातव्या चटईवर नोआगा, माझा भाऊ, सहा वर्षांचा.
वाचला.
ताप उतरला त्या सकाळी मी हाक मारली,
तो भिंतीवरची पाल बघत राहिला.

लस नव्हती असं नाही.
साथ पसरल्यावर यायची, वरातीमागून घोडं,
आणि तान्ह्यांना तर लागूच पडायची नाही.
का, ते फार उशिरा कळलं:
हा जंतू साखरेचा अंगरखा घालून येतो,
आणि बाळाच्या रक्ताला साखरेचा संशय येत नाही.
कुठल्या बाळाला येईल?
मग कुणीतरी त्या साखरेला
धनुर्वाताच्या प्रथिनाची गाठ मारली.
मांजराच्या गळ्यात घंटा, एकदाची.
त्या एका गाठीला किती वर्षं गेली,
अर्ध्या डॉलरच्या आत ती बसवताना किती जणांनी नकार दिला,
हे कुपीवर लिहिलेलं नसतं.
कुपीवर गावाचं नाव होतं. Pune.
आम्ही फ्रेंच शिकलेले; आम्ही वाचलं, प्यून.

दहा सालचा डिसेंबर. शाळेच्या भिंतीपर्यंत रांग.
एक ते एकोणतीस वयाचे सगळे, म्हणजे नोआगासुद्धा,
आणि त्याच्या कडेवर दोन वर्षांची पोको.
सुई टोचली तशी तिने असं भोकाड पसरलं
की मागची रांग हसली.
नोआगाला फक्त उघडं तोंड दिसलं.
तो तिचे दात मोजत होता.

त्या मार्चमध्ये मांडव घातलाच नाही.
खांबांना शेळ्या बांधल्या.
मी वहीत 'ए'च्या रकान्यात शून्य लिहिलं, पुसलं,
पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य.
(पुढे दुसरी अक्षरं आली, डब्ल्यू, एक्स.
वही काही बंद झाली नाही.)

नोआगाचा मात्र अजून भरवसा नाही.
धूळ उठली की तो पोकोच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो
आणि टाळी वाजवतो.
ती आता चौदाची. मैत्रिणींसमोर लाजते,
चिडते,
आणि मान वळवते.